चाळीस बाय वीसचे साडूभाऊ

माझ्या थोरल्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्या खरं बोलण्याचा आम्ही नातेवाइकांनी सोसला तेवढा जाचही दुसऱ्या कुणी सोसलेला नाही. साडू डोंगरकड्याचे. घरची हळद, थोडी केळी, दोन म्हशी, आणि तीस वर्षं आसपासच्या जत्रांमधून केलेली कबड्डीची पंचगिरी. एका जत्रेत शेवटच्या सामन्यात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ चढाई करून परतत होता. परतताना त्याचा अंगठा बाजूच्या रेषेबाहेर टेकला. ते भावाला कळलं नाही, समोरच्या संघाला कळलं नाही, बघणाऱ्यांना तर अजिबातच नाही. साडूंनी शिट्टी फुंकली. गाव हरलं, भाऊ दोन दिवाळ्या घरी जेवायला आला नाही, आणि साडू एवढंच म्हणाले, "अंगठा भायेर व्हता. आता भावाचा हाय म्हून रेघ तिकडं सरकवू का?" माझं लग्न ठरायच्या वेळी माझ्या वडिलांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, मुलगी स्वभावाने कशी आहे? स्वतःच्या मेहुणीबद्दल एखादा माणूस काय सांगेल? साडू म्हणाले, "रागीट हाय. पन राग टिकत न्हाई." त्या साक्षीवर वडील खूश झाले आणि लग्न ठरलं. पहिल्या वाक्याची प्रचिती मला आठवड्याभरात आली. दुसऱ्याची मी अजून वाट पाहतो आहे.

पुढे गुडघे बोलायला लागले आणि पंचगिरी सुटली. शिट्टी मात्र बंडीच्या खिशात तशीच राहिली. ती ते रोज सकाळी धुऊन पुसून ठेवत. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची की या माणसाने मंगळसूत्रानंतर जपलेली घरातली दुसरी वस्तू ही शिट्टी. ती वाजवायला मात्र काही निमित्त उरलं नव्हतं. म्हशींपुढे एकदोनदा वाजवून झाली, पण म्हशींनी दाद दिली नाही. अशात त्यांच्या आयुष्यात फुटसाल आलं.

ते कसं आलं त्याला मी साक्षीदार आहे, किंबहुना गुन्हेगार. मी हिंगोलीला शाळेत मास्तर. सुट्टीत डोंगरकड्याला गेलो होतो आणि ओसरीवर बसून टीव्हीची बटणं दाबत होतो. एका वाहिनीवर बंदिस्त सभागृहात पाच-पाच माणसं छोट्या गोलांमध्ये चेंडू मारत होती. साडू दात घासत उभे होते. समालोचक सांगत होता की या खेळाला फुटसाल म्हणतात आणि याचं मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असतं. साडूंचं बोट तोंडातच थांबलं. त्यांनी अंगणाच्या पलीकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, चूळ भरली आणि म्हणाले, "गुरुजी, हे तर आपल्या खळ्याचं माप हाय." शिजवलेली हळद वाळत घालायला त्यांनी भाऊकीत मिळून सिमेंटचा कोबा केला होता. गवंड्याने माप विचारलं तेव्हा जागा बघून चाळीस बाय वीस सांगितलं होतं. आता तेवढ्या मापाची जगात दुसरीकडे जागा असेल यात नवल काय? पण साडूंना वाटलं की जगाने त्यांचं माप घेतलं. त्या दिवसापासून फुटसाल हा त्यांचा घरचा खेळ झाला. संध्याकाळपर्यंत त्यांनी चुना भिजवून खळ्यावर मधली रेघ, गोलासमोरचा अर्धवर्तुळासारखा डी, सहा मीटरवरचा ठिपका आणि दहा मीटरवरचा ठिपका काढलेला होता. अक्का म्हणाली, "आता इथं हळद घालायची का न्हाई, ते तरी सांगा." साडू म्हणाले, "घाल. पन ठिपके दिसले पायजेत."

नियम त्यांनी माझ्याकडून मोबाइलवर वाचून घेतले आणि एकदाच ऐकून पाठ केले. त्यातला त्यांना सगळ्यात आवडलेला नियम चार सेकंदांचा. चेंडू बाहेर गेला की पुन्हा आत टाकायला खेळाडूला चार सेकंद मिळतात. पंच हात वर करून बोटांनी एक, दोन, तीन, चार असं मोजतो, आणि चार झाले की चेंडू समोरच्याला. साडूंच्या मते माणसाच्या आयुष्यातले निम्मे घोळ हा नियम नसल्यामुळे झाले आहेत. त्यांनी तो लगेच लागू केला. पाहुण्याला भाकरी वाढू का म्हणून विचारायचं आणि हात वर करायचा. पाहुणा "नको, नको, अर्धी... बरं, चतकोर" असं चाचपडेपर्यंत चार बोटं उभी राहायची आणि भाकरी शेजारच्याच्या ताटात जायची. वारंगा फाट्यावर आम्ही एकदा खिचडी खायला उतरलो. तिथल्या वेटरने "काय आणू" विचारलं, तर यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला. मी घाबरून जे तोंडात आलं ते सांगितलं आणि खिचडीच्या दुकानात बसून नुसता पापड खाऊन परत आलो.

दुसरा आवडता नियम खेळाडू बदलण्याचा. या खेळात सामना न थांबवता कितीही वेळा गडी बदलता येतो, फक्त आतला बाहेर आल्याशिवाय बाहेरच्याने आत जायचं नाही. साडूंनी हे पंगतीत वाढणाऱ्यांना शिकवलं. भाताचं पातेलं घेऊन निघालेल्या शेजारच्या किसनरावांना वरणवाला अजून बाहेर पडलेला नसल्यामुळे त्यांनी मांडवाच्या दारात थांबवून ठेवलं. वरण पुढे गेलं, भात मागे राहिला, आणि अख्ख्या पंगतीने आधी वरण पिऊन मग भात खाल्ला. किसनराव आजही त्यांना पाहिलं की पातेलं खाली ठेवतात.

असं चाललेलं असताना पूर्वेकडच्या एका देशात आशियातल्या पुरुष संघांची फुटसाल स्पर्धा भरली. आपल्या देशाचाही संघ त्यात होता. हा संघ नवाच. आपल्याकडे या खेळाची कुणाला खबर नाही, त्यामुळे नेहमीच्या वाहिन्यांवर सामने नव्हते. ते मोबाइलवर लागायचे आणि मोबाइल टीव्हीला जोडावा लागायचा. हे जोडकाम मला येतं, म्हणून मला बोलावणं आलं. फोनवर साडू म्हणाले, "आपल्या खळ्यावर खेळायला आपली लेकरं चालली हायत. तुमी येऊन राहिले न?" सामना परदेशात, दुपारी आमच्या वेळेने, पण त्यांच्या लेखी तो खळ्यावरच होता.

साडू देशांची नावं घेत नसत. पंचाला देश नसतो, असं त्यांचं मत. म्हणून ते समोरच्या संघांना लालवाले, पांढरेवाले, हिरवेवाले म्हणत. आपला संघ निळा होता. पण त्याला त्यांनी निळेवाले कधी म्हटलं नाही, लेकरंच म्हटलं. एवढाच काय तो पक्षपात. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याची शिक्षाही स्वतःला करून घेतली. अक्काने चहा आणला तेव्हा ते म्हणाले, "आता लेकरांनी गोल केल्याबिगर चहा घेणार न्हाई. जिंकाया पायजे असं न्हाई. एक गोल. तो म्या डोळ्यानं पाह्यला, शिट्टी वाजवली, का मंग चहा." अक्काने कपाळाला हात लावला. दिवसाला सात कप चहा पिणारा माणूस.

पहिला सामना लालवाल्यांशी. किती गोल खाल्ले ते मी सांगत नाही. साडूही मध्यंतरानंतर मोजायचे थांबले. एका गोलाच्या वेळी त्यांना वाटलं की लालवाल्याने आपल्या गड्याला ढकललं आणि पंचाने पाहिलं नाही. मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर त्याची फेरतपासणी. हळद अजून शिजत होती, खळं मोकळं होतं. किसनराव लालवाले, मी आपला गडी, साडू पंच, आणि चेंडू म्हणून एक नारळ. किसनरावांनी मला इतक्या मनापासून ढकललं की मी डीमध्ये उताणा पडलो. साडू वाकून रेघेकडे पाहत म्हणाले, "न्हाई. खांद्याला खांदा व्हता. पंच बराबर व्हता." माझ्या कमरेचा निकाल मात्र अजून लागलेला नाही.

चहा नसल्याने घरात वेगळंच वातावरण तयार झालं. ते इतरांना पिऊ नका म्हणत नसत, पण तुमच्या समोर बसून कपातून निघणारी वाफ बघत. ती नजर सोसून चहा प्यायची हिंमत कुणाची? अक्का गोठ्यामागे जाऊन चहा करायची आणि आम्ही पाहुणेमंडळी म्हशींच्या आडोशाला उभ्याने प्यायचो. माझ्या बायकोला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो. दोन दिवस गोठ्यात चहा प्यायल्यावर ती मला म्हणाली, "दाजींना एक गोल मिळवून द्या. कसाही."

दुसरा सामना पांढरेवाल्यांशी, आणि माझ्या हातून पाप घडलं ते याच सामन्यात. साडू म्हशीला पाणी दाखवायला दोन मिनिटं उठले. परत आले तेव्हा मी टाळ्या वाजवत उभा होतो. "भाऊ, झाला. गोल झाला," मी म्हणालो. आणि नुसतं तेवढ्यावर थांबलो नाही. मास्तर माणूस, वर्णन करायची सवय. मी सांगितलं की आपल्या कप्तानाने मध्यरेषेवरून मारला, चेंडू दोघांच्या डोक्यावरून गेला आणि वरच्या कोपऱ्यात जाळ्यात अडकला. साडूंचा चेहरा उजळला. हात बंडीच्या खिशात गेला. शिट्टी ओठांपर्यंत आली. मग त्यांची नजर टीव्हीच्या कोपऱ्यात गेली, जिथे गुण दिसतात. तिथे आपल्या बाजूला शून्य होतं. त्यांनी शिट्टी पुसली आणि खिशात ठेवली. मग इतकंच म्हणाले, "गुरुजी, लेकरांना शिकवता तुमी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

शेवटचा सामना हिरवेवाल्यांशी. हरलो तर स्पर्धा संपणार, आणि हरणार हे सगळ्यांना माहीत होतं. एका गोलाचा काय तो प्रश्न होता. तोवर शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली होती, वर्षाची सगळी. ठिपके दिसावेत म्हणून साडूंनी दोन्ही ठिकाणी वाटीएवढी जागा मोकळी ठेवली होती. मध्यंतरापर्यंत नेहमीसारखे गोल खाऊन झाले. पण लेकरं बरी खेळत होती. दोनदा चेंडू खांबाला लागून परत आला. साडू टीव्हीच्या इतके जवळ सरकले होते की मला त्यांच्या टोपीच्या बाजूने बघावं लागत होतं.

सामना संपायला सात-आठ मिनिटं राहिली असतील, तेवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला. अवेळी आभाळ भरून आलं. वाळत आलेली हळद भिजली की काळी पडते, हे काय त्यांना सांगायला हवं? अक्का बाहेरून ओरडली, "अवो, ताडपत्र्या." साडू उठले. टीव्हीकडे पाहिलं, खळ्याकडे पाहिलं. हात आपोआप वर गेला. एक, दोन, तीन. चौथ्या बोटाआधी ते ओसरी उतरले होते. जाताना मला म्हणाले, "तुमी बसा हितंच. गोल सांभाळा." माझी बायकोही ताडपत्री धरायला धावली. बाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता. किसनराव पुढे व्हा, अक्का मागे सर, हा कोपरा सोड, तो धर. आत मी एकटा आणि निळी लेकरं.

आणि गोल झाला.

मी उठून ओरडलो, पण वाऱ्यात आवाज कुठे पोचतो? मी दारापर्यंत धावलो, तेवढ्यात कडाडलं, वीज गेली, टीव्ही गेला, मोबाइलचं नेटवर्क गेलं. पंधरा-वीस मिनिटं पाऊस कोसळला. थांबल्यावर पाहिलं तर एक कोपरा भिजला होता, बाकी हळद ताडपत्रीखाली सुखरूप. साडू चिंब भिजून खळ्याच्या मधल्या रेघेवर उभे होते. मी जाऊन सांगितलं, "भाऊ, लेकरांनी गोल केला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, दया होती. "ऱ्हाऊ द्या गुरुजी," ते म्हणाले. "मला चहाची काई तकलीफ न्हाई."

मी शपथ घेतली. त्यांना शपथ चालत नाही, कारण पंच शपथेवर निकाल देत नसतो. मी म्हणालो, वीज येऊ द्या, दाखवतो. ते म्हणाले, "अन् न्हाई आली तर?" (वीज उशिरा आली. त्या वाहिनीने मागाहून फक्त मोठ्या संघांचे गोल ठेवले, आमच्या लेकरांचा तो एक गोल कुठेच नव्हता. मी पुष्कळ शोधला.) आता माझ्यापुढे एकच वाट होती. मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली, ताडपत्रीवर चढलो आणि गोल करून दाखवायला लागलो.

साडूंनी उलटतपासणी सुरू केली. "मारला कोनी?"

"पाच नंबरवाल्याने. इथून."

"सरळ आत?"

"नाही. खांबाला लागला. इथे. आणि परत आला."

"परत आला तर तिथं आपला गडी व्हता का?"

"होता. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याला बदलायला बोलावलं होतं, म्हणून तो पाठ करून बाहेर निघाला होता."

"मंग पाय कोनाचा लागला?"

"पाय नाही."

"डोकं?"

मी वळलो आणि माझ्या पार्श्वभागावर थाप मारली. अक्का पदर तोंडाला लावून मागे वळली. किसनराव खोकायला लागले. मी पुढे सांगितलं की तिथे लागून चेंडू इतका हळू गोलाकडे निघाला की मी मनात चार मोजले. गोलकीपर आडवा पडला होता, त्याचा हात दोन बोटं कमी पडला. ज्याला लागला त्याला कळलंच नाही. तो बाहेर चालतच होता, बाकीचे त्याच्यावर जाऊन पडले तेव्हा कळलं.

ताडपत्रीवरून पाण्याचे ओघळ जात होते. मग साडूंनी विचारलं, "चेंडू रेघेपल्याड पुरा गेलता?" मी म्हणालो, "पुरा. जाळीला लागला नाही, पण रेषेपलीकडे हातभर गेला." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "त्या दिवशी तुमी आनलेला गोल लई देखना व्हता. तवाच मला शंका आलती. खोटं बोलनारा मानूस येवढा गबाळा गोल आनत न्हाई." मग बंडीच्या खिशातून शिट्टी काढली, पाणी झटकलं आणि अशी लांबलचक वाजवली की गोठ्यातल्या दोन्ही म्हशींनी पहिल्यांदा माना वळवून पाहिलं. "गोल हाय," ते म्हणाले. "अक्का, चहा ठेव." बायकोला ते अक्काच म्हणत, सगळं घर म्हणायचं म्हणून. त्या दिवशी आम्ही ओल्या खळ्याच्या काठावर बसून उघड्यावर चहा प्यायलो. साडू तीन कप प्यायले.

त्यानंतर मी कधीही गेलो की त्यांना तो गोल ऐकायचा असे. एकदा मीच कंटाळून चेंडूला थोडी गती दिली, तर त्यांनी हात वर केला. "न्हाई गुरुजी. हळूच गेला व्हता." ते ऐकताना खुशीत असत, पण मला मात्र मनातून एक गोष्ट खुपत राहिली. सबंध जिल्ह्यात त्या गोलाची वाट बघणारा एकच माणूस होता आणि तोच त्या वेळी तिथे नव्हता. मी कशाला बघितला तो? माझं काय अडलं होतं? मला जाऊन ताडपत्री धरता आली असती.

मागच्या उन्हाळ्यात शिरड शहापूरला एका नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. साडूंना आता जिना चढवत नाही, लेकरांच्या संघालाही पुढच्या स्पर्धेत जागा मिळाली नाही. जेवणानंतर मी हात धुऊन मांडवाकडे येत होतो. साडू चार पाहुण्यांच्या मध्ये बसून गोल सांगत होते. पाच नंबर, खांब, पाठमोरा गडी, सगळं माझ्याच शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पाहुणे हसत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "तुमी सोता पाह्यला?" साडू म्हणाले, "म्हंजे काय. समोर बसूनशान पाह्यला, माह्या या डोळ्यानं."

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. ज्या माणसाने सख्ख्या भावाचा अंगठा सोडला नाही, त्याचा चेहरा एकदम उतरला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि सवयीने त्यांचा हात थोडासा वर आला. एक बोट उघडलं. दुसरं उघडलं.

"व्हय," मी म्हणालो. "मी शेजारीच बसलो होतो. भाऊंनीच आधी पाहिला, मला नंतर कळला."

हात खाली गेला. पाहुणे पांगल्यावर त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी पुसली, आलेल्या दोन कपांतला एक माझ्याकडे सरकवला, आणि आम्ही चहा प्यायलो.